कालव्यात गेलेलं रंधा मशीन

बीरान मूप्पनच्या टोळीत मी अकरा वर्षं दोर धरला. मूप्पन म्हणजे आमच्या बेपूरच्या खलाशांचा म्होरक्या. तो आवाज देतो, बाकीचे ओढतात. नवं गलबत पाण्यात लोटायचं, बुडालेलं वर काढायचं, गिरणीतला बॉयलर हलवायचा, पुलाची तुळई बसवायची, अशी आमची कामं. जिथे क्रेन पोचत नाही तिथे आम्हाला बोलावणं येतं.

बीरान दिसायला मूप्पन वाटायचा नाही. ठेंगणा, काटकुळा, कमरेला रुंद हिरवा पट्टा, डोक्याला टॉवेल. आवाज तेवढा मोठा, पण तोसुद्धा कामावर. घरी बायको त्याला दोनदा विचारायची तेव्हा एकदा उत्तर मिळायचं. वयाने लहान सगळे त्याला बीरानिक्का, म्हणजे बीरानदादा, म्हणत, आणि मी सांगतो आहे त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. तोवरच्या तीस वर्षांत त्याच्या दोरावरून एकही वस्तू सुटली नव्हती. हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. आम्ही सांगायचो.

टोळीत नवा माणूस आला की पहिल्या दिवशी बीरान त्याला रिकामी घसरपट्टी, म्हणजे जड वस्तू ठेवून ओढायची लाकडी चौकट, ओढायला लावायचा. ओढता ओढता मध्येच ओरडायचा, “सोडा!” ज्याच्या हातातून दोर त्याच क्षणी सुटला तो राहिला. ज्याने एक श्वासभरही जास्त धरला तो घरी गेला. मलाही त्याने एकदा घरी पाठवलं होतं. आठ दिवसांनी परत गेलो तेव्हा विचारलं, “हात शिकले का?” मी म्हटलं, “शिकले.” “बघू,” म्हणाला, आणि पुन्हा तेच करून घेतलं.

कार्त्यायनी त्याच्याकडे आली ती ओणमनंतर पंधरा दिवसांनी, दुपारच्या बसने. चव्वेचाळीस-पंचेचाळीसची बाई, हातावर जुन्या खरचटल्याच्या पांढऱ्या रेषा. बीरान अंगणात बसून दोराचा पीळ सांधत होता, मी दुसरं टोक धरलं होतं.

“मूप्पन कुठे भेटतील?”

“भेटले. बोला.”

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही?”

“मोठा हवा होता काय?”

ती हसली नाही. पिशवीतून वहीचा कागद काढून त्याच्यापुढे धरला. त्यावर पेन्सिलीने एक मशीन काढलेलं होतं. लांबी, रुंदी, उंची, पाय कुठे, जड भाग कुठल्या बाजूला, सगळं लिहिलेलं. कल्लायी नदीच्या काठी लाकडाच्या गिरण्या आहेत, त्यातल्या एका गिरणीत ती कामाला होती. आधी भुसा झाडायला लागली. मग रंधा मशीनवरचा माणूस दुबईला निघून गेला आणि मालकाने चार दिवसांसाठी म्हणून तिला तिथे उभं केलं. ते चार दिवस एकोणीस वर्षं चालले. आता नदीतून ओंडके येईनासे झाले होते, गिरणी बंद होत होती. बाकीची यंत्रं गेली. हे मात्र कुणी उचलेना. भंगारवाला म्हणाला, घणाने फोडून तुकड्यांनी नेतो. मालकाने कार्त्यायनीला सांगितलं, आठ दिवसांत नेता आलं तर तुझं.

“वजन?” बीरानने विचारलं.

“दीड टन. मोटर, सुऱ्यांचा रूळ आणि दोन्ही टेबलं काढली की सव्वा.”

बीरानने दोर खाली ठेवला. लोक सहसा वजन विचारलं की ‘खूप जड आहे’ असं सांगतात.

“काढता येतात?”

“काढलीत. रूळ मी काल मांडीवर घेऊन बसमधून घरी नेला.”

“घर कुठे?”

“कडलुंडीला. कालव्यापलीकडे.”

“रस्ता?”

“मोठ्या रस्त्यापासून एकशे ऐंशी पावलं. उतार आहे. मग कालवा.”

“पूल?”

“माडाची दोन खोडं.”

“म्हणजे रस्ता नाहीच.”

“असता तर क्रेन बोलावली असती. तुमच्याकडे कशाला आले असते?”

बीरान माझ्याकडे बघून म्हणाला, “कोयामू, हिला चहा सांग.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कडलुंडीला गेलो. बीरानची पद्धत अशी की वस्तू जिथे ठेवायची तिथून पाहणी सुरू करायची आणि उलटं चालत वस्तू आहे तिथपर्यंत यायचं. कार्त्यायनीच्या घरामागे नवा पत्र्याचा मांडव होता. खाली काँक्रीटची जमीन, तिच्या हातची, पाणी टाकून सपाटी तपासलेली. तिचा नवरा वासू आपली वाळूची होडी घाटाला बांधून आमच्यामागून चालत आला. मोठा हसरा माणूस.

“इक्का, एवढी उठाठेव कशाला? माझ्या होडीत टाका, मी घेऊन येतो.”

“मशीनचं वजन डोक्यात आहे, पायात नाही,” बीरान म्हणाला. “होडीत उभं केलं की तुझी होडी कूस बदलेल. मग मशीनही शोधायचं आणि तुलाही.”

“मी तरंगतो.”

“तू तरंगशील. तुझ्यावर ते असेल.”

कालवा ओलांडून आम्ही उतार चढत वर आलो. तांबड्या जांभ्या दगडाची पायवाट, दोन्ही बाजूंना केतकीचं काटेरी कुंपण, रुंदी चार फूट. बीरान काठीने प्रत्येक पावलाला जमीन ठोकत होता. वरच्या टोकाला अप्पुण्णी नायरांचं आवार होतं आणि त्यात एक जुना फणस, माझ्या कवेत न मावणारा. मशीन उतारावरून खाली सोडायचं म्हणजे वरून दोराने धरून ठेवायला काहीतरी भक्कम हवं. बीरानने फणसाला हात लावला आणि नायर पडवीतून उठून आले.

“त्याला दोर बांधायचा नाही हं.”

“साल सोलणार नाही, नायर. गोणपाट गुंडाळतो.”

“माझ्या आजोबांनी लावलाय. हादरला तर पुढच्या वर्षी फळ धरणार नाही.”

“मग जमिनीत ओंडका पुरतो. तेवढं चालेल?”

“खुशाल पुरा. बापजाद्यांची जमीन आहे, घट्ट आहे.”

कुंपणाच्या आतल्या बाजूला जागा ठरली. बीरानने मूठभर माती उचलली, चोळली, टाकून दिली.

तिसऱ्या दिवशी पहाटे गिरणीत गेलो. कार्त्यायनी आमच्याआधी येऊन बसली होती. मशीनच्या उघड्या धातूवर तिने ग्रीसचा हात फिरवला होता, हलणारे भाग लाकडी पाचरा ठोकून घट्ट केले होते. पाटीवरची अक्षरं झिजून गेलेली, अंग सगळं बिडाचं. बीड वजन पेलतं, पण धक्का बसला की काचेसारखं फुटतं. बीरानने मशीनभोवती एक फेरी मारली, एक हातचक्र पकडून हलवलं.

“याला दोर लावायचा नाही,” कार्त्यायनी म्हणाली.

“माहीत आहे.”

“टेबल सरकतं त्या खाचेलाही नाही.”

“पोरी, तू मूप्पन होतेस की मी होऊ?”

“तुम्हीच व्हा. पण खाचेला नाही.”

आम्ही मशीन उचललं नाही. बीरान काहीही उचलत नसे. पहारीने एक बाजू इंचभर वर करायची, खाली फळी सरकवायची, मग दुसरी बाजू. असं करत करत मशीन फळ्यांच्या चवडीवर चढत जातं. हात कधी खाली घालायचा नाही, फळी दुसऱ्या फळीने ढकलायची. दोन तासांत ते ट्रकच्या पाठीच्या उंचीला आलं. मग दोन साबण लावलेल्या तुळयांवरून आत सरकवलं. दोर पायांच्या वरच्या जाड भागातून चार कोपऱ्यांना ओढून बांधले. ट्रकवाला घाईला आला होता.

“दोन माणसं मागे बसू देत धरून. चटकन पोचू.”

“मागे कुणी बसायचं नाही,” बीरान म्हणाला.

“हललं तर?”

“हललं तर माणूस काय करणार? दोर करेल ते करेल. तू हळू चालव.”

सगळे पुढे दाटीवाटीने बसलो, उरलेले बसने आले.

सकाळी अकराच्या सुमारास कडलुंडीच्या उताराच्या तोंडाशी मशीन घसरपट्टीवर उभं होतं. अप्पुण्णींच्या आवारात ओंडका चार फूट खोल पुरला होता, त्याला दावर जखडला होता. दावर म्हणजे चार माणसांनी दांडे धरून फिरवायचा उभा रहाट. मशीनचा दोर त्याला पाच वेढे घेऊन गेला होता. दावर उलटा फिरवायचा, दोर हातभर सुटणार, मशीन हातभर उतरणार. बीरान मशीनच्या बाजूला, थोडा वरच्या अंगाला उभा होता. उताराच्या खालच्या बाजूला कुणी नाही. गाव बघायला आलं होतं, त्यांना त्याने कुंपणाबाहेर काढलं. कार्त्यायनीलाही.

“मी नाही जाणार,” ती म्हणाली.

“मग माझ्यामागे. आणि मी सोडा म्हटलं की...”

“माझ्या हातात दोर कुठे आहे?”

“हात आहेत ना.”

साठ पावलं व्यवस्थित उतरलो. बीरान आवाज देत होता, आम्ही त्याला उत्तर देत दांडे फिरवत होतो. बघे लोकही उत्तर देऊ लागले. मग मला पायाखाली काहीतरी जाणवलं. आवाज नाही झाला. दावर एकदम माझ्याकडे झुकला आणि त्याच्यामागची जमीन भाकरीसारखी फुगली.

“सोडा!”

आम्ही सोडलं. चौघंही कुंपणावरून पलीकडे पडलो. पुरलेला ओंडका मातीसकट वर आला, दावर दोन कोलांट्या खाऊन अडकला आणि दोर वेढ्यांतून सुटत गेला. मशीन निघालं. पहिली दोन-तीन पावलं ते इतकं सावकाश घसरत होतं की माणसाने हात लावला तर थांबेल असं वाटावं. फसवणूक तिथेच असते. कार्त्यायनी बीरानच्या मागून पुढे धावली आणि दोन्ही हात पसरून मशीनच्या पुढच्या बाजूला गेली.

बीरानने तिला कमरेत धरलं आणि स्वतःला तिच्यासकट केतकीत झोकून दिलं.

मशीन त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावरून गेलं. पुढे त्याने वेग घेतला, तळाशी एका दगडावर आपटलं, कलंडलं आणि कालव्यात गेलं. पाणी उडालं, वासूची बांधलेली होडी हेलकावली. नंतर पृष्ठभागावर ग्रीसचा तवंग येऊ लागला.

मी धावत खाली गेलो तेव्हा बीरान उताणा पडला होता, उजवा खांदा नको तिथे आला होता. कार्त्यायनी काट्यांतून उठून उभी राहिली. गालावर, दंडावर रक्त. ती आधी पाण्याकडे बघत राहिली, मग वळली.

“मला कशाला धरलंत? त्याला धरायचं होतं!”

“तुला काही तुटलंय का बघ,” बीरान म्हणाला.

“सगळं गाव बघत होतं!”

“बघू दे. हातपाय हलवून दाखव.”

“एकोणीस वर्षं मी त्याला एक ओरखडा पडू दिला नाही. तुम्ही एका दिवसात बुडवलंत.”

“हो,” बीरान म्हणाला. “बुडवलं.”

ती घरात निघून गेली. वासूने आणि मी बीरानला रिक्षात घातलं. वैद्याने खांदा जागेवर बसवला, पण तो हात पुढे कधी कानाच्या वर गेला नाही.

संध्याकाळी आम्ही त्या खड्ड्यापाशी जमलो. बीरान गळ्यात हात बांधून आला होता. उकरल्यावर दिसलं की वरची वीतभर माती तांबडी आणि घट्ट, पण खालची भुसभुशीत, मिसळलेली. अप्पुण्णी नायर कपाळाला हात लावून उभे राहिले. तीन वर्षांपूर्वी विहीर खोल केली तेव्हा निघालेली माती त्यांनी त्या कोपऱ्यात पसरली होती. साफ विसरले होते.

“मूप्पन, माझी चूक. फणसाला नाही म्हटलं, वर हे...”

“तुम्ही जमिनीचे मालक आहात, नायर. ओंडका मी पुरला,” बीरान म्हणाला. “माती हातात घेतली तेव्हा वरचीच घेतली. खणताना मी चहा पीत होतो.”

आमच्यातला एकजण पुटपुटला की खणणाऱ्यांनी तरी सांगायला हवं होतं. खणणाऱ्यांत मीही होतो. बीरानने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “त्यांना काय शोधायचं हे मी सांगितलं नव्हतं.” त्यावर विषय संपला.

दुसऱ्या दिवशी त्याने काठी कालव्यात खुपसून मशीन कसं पडलं आहे ते पाहिलं. आडवं, निम्मं गाळात. भरतीला पुरुषभर पाणी, ओहोटीला कमरेएवढं. मग तो कार्त्यायनीच्या ओट्याच्या पायरीवर जाऊन बसला. ती बाहेर आली नाही. वासूने काळा चहा आणला.

“रागावलीय?” बीरानने विचारलं.

“माझ्याशीपण बोलत नाही. मी तर कुणाला धरलंही नाही.”

“तुझी होडी दे तीन दिवस. आणि तेवढीच आणखी एक मिळव.”

“परवा म्हणालात, होडी कूस बदलेल.”

“मशीन होडीत ठेवलं तर बदलेल. होडीखाली टांगलं तर होडी मुकाट्याने उभी राहते. पाण्यात त्याचं वजनही थोडं कमी भरेल.”

वासूने मांडीवर थाप मारली. “म्हणजे भरती उचलणार!”

“तीच. माझा तर एकच हात आहे.”

त्या दिवशी दुपारचं जेवण घेऊन बीरानचा थोरला भाऊ आला. मम्मद त्याचं नाव, बेपूरच्या धक्क्याजवळ चहाचं दुकान चालवतो. पत्तिरी, म्हणजे तांदळाच्या पातळ भाकऱ्या, आणि मासळीची आमटी, मोठ्या डब्यात. आम्ही घाटावर जेवायला बसलो. पाणी हवं म्हणून मम्मद कार्त्यायनीच्या दारात गेला. ती कळशी घेऊन बाहेर आली आणि त्याने पुढे केलेल्या हाताकडे बघून थांबली. मम्मदच्या उजव्या हाताला पंजा नाही. मनगटापाशी गोल संपतो. त्याने दुसरा हात पुढे केला, त्याला अंगठा आणि एक बोट.

“द्या, येतं मला,” तो म्हणाला. “कळशी बगलेत ठेवायची फक्त.”

“हे कशाने झालं?”

“करवतीचं मशीन ट्रकमधून उतरवत होतो. कलंडलं. मी धरायला गेलो.” तो सहज सांगत होता, गिऱ्हाईकाला दुधाचा भाव सांगावा तसा. “बीरान तेव्हा पंचवीसचा होता, माझ्या शेजारी उभा. त्यानेही धरलं होतं, पण त्याचा हात निसटला. माझा नाही निसटला.”

“आणि मशीन?”

“मशीनला काही झालं नाही. माझ्यावर पडलं ना, मऊ पडलं.” मम्मद हसला. “अजून चालतं म्हणे कुठेतरी.”

कार्त्यायनीने कळशी त्याच्या बगलेत नीट बसवून दिली. मग ती आत गेली आणि भाताचं भांडं घेऊन घाटावर आली. सगळ्यांना वाढलं. बीरानच्या पानात माशाचा मधला तुकडा वाढला. तो म्हणाला, “डाव्या हाताने जेवायला अवघड जातंय.” ती म्हणाली, “मग चमचा मागायचा. तोंड आहे ना.” एवढंच.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही गाळात उतरलो. जळवा, शिंपले, फुटक्या बाटल्या. मशीनच्या दोन्ही अंगांचा गाळ टोपल्यांनी उपसला, नाहीतर तो मशीन तोंडात धरल्यासारखं ओढून ठेवतो. दोर कुठून घ्यायचे ते कार्त्यायनीनेच सांगितलं. साडी खोचून ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, बोटांनी चाचपून एकेक भाग ओळखत. “हा पाय. हा फुटलाय. या बाजूने नको. इथून, खालच्या पोटातून घ्या.” काठावरून बीरान विचारायचा, “गाठ कशी पडली?” ती सांगायची. तो म्हणायचा, “सोडून पुन्हा बांधा,” आणि आम्ही पुन्हा बांधायचो. दोन होड्या मशीनच्या दोन बाजूंना, त्यांच्यावर आडव्या सागाच्या तीन तुळया, तुळयांना दोर ताणून बांधलेले. मग वर येऊन बसलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

भरती यायला लागली. होड्या आधी दाबल्या गेल्या, काठ पाण्याला टेकेल इतक्या. वासूचा चेहरा उतरला. बीरान विडी ओढत बसून होता. तुळया कुरकुरल्या. मग गाळाने एक मोठा बुडबुडा सोडला आणि दोन्ही होड्या एकदम हातभर वर आल्या. लोकांनी आरडाओरडा केला. बीरान म्हणाला, “ओरडू नका, अजून पोचलं नाही,” आणि बांबूंनी हळूहळू रेटायला सांगितलं. त्या भरतीत मशीन कालव्याच्या मध्यावर आलं आणि टेकलं. पुन्हा ओहोटी, पुन्हा दोर आखूड केले. दुसऱ्या दिवशीच्या भरतीने ते कार्त्यायनीच्या घाटाच्या पायऱ्यांशी आणून ठेवलं. माडाच्या पुलाचं काय करायचं याचा आम्ही आधी दोन दिवस काथ्याकूट केला होता. तो पूल वापरावाच लागला नाही.

घाटापासून मांडव तीस पावलं. त्याला आम्ही अख्खा दिवस घेतला. रुळांवरून, पाचरा लावत. या वेळी दावर एका जुन्या आंब्याला बांधला होता आणि बीरानने आधी आंब्याच्या मुळांशी स्वतः डाव्या हाताने उकरून पाहिलं होतं. संध्याकाळी पाचला मशीन काँक्रीटवर उभं राहिलं. एक पाय तुटलेला, एक हातचक्र फुटलेलं, आतून चिखल आणि खारं पाणी गळत होतं.

कार्त्यायनीने आम्हाला चहासुद्धा विचारला नाही. बादल्या भरून गोडं पाणी ओतायला लागली. खारं पाणी वाळायच्या आत धुतलं नाही तर गंज आत शिरतो. आम्ही निघालो तेव्हा ती रॉकेलच्या डब्यात चिंध्या बुडवत होती. बीरान दारात थांबला. ती मान वर न करता म्हणाली, “खांद्याला खोबरेल तेल लावा, गरम करून.” तो म्हणाला, “तू मशीनला लाव,” आणि निघाला.

मशीन चालायला चाळीस दिवस लागले. तुटलेल्या पायाला फरोकच्या एका लोहाराने जाड पत्र्याची पट्टी बसवली, बोल्ट घालून. हातचक्राच्या जागी तिने फणसाच्या लाकडाचं केलं. अप्पुण्णी नायरांनी फांदी तोडून पाठवली होती. पहिली फळी तिने काढली त्या दिवशी वासू बेपूरला येऊन बीरानला ती फळी दाखवून गेला. बीरानने तिच्यावरून तळवा फिरवला, डोळ्यांजवळ नेऊन कडेने पाहिली. “लाटा नाहीत,” म्हणाला. फळी त्याने ठेवून घेतली नाही. घरात जागा नाही म्हणाला.

आमच्याकडे मात्र बोलणं सुरू झालं होतं. बेपूरच्या चहाच्या दुकानांत लोक विचारायचे, “काय रे, तुमचा मूप्पन आता मशीनांना पोहायला शिकवतो म्हणे?” बाईला कमरेत धरून कुंपणात पडल्याची गोष्ट तर माझ्या देखत तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली गेली. एका तऱ्हेत केतकी नव्हती, भाताचं गवत होतं. बीरानच्या बायकोने ती ऐकली आणि विचारलं, “काटे कुणी काढले ते तरी सांगा त्यांना. मी काढले, दोन दिवस.” मला वाटलं होतं बीरान काम कमी करेल. त्याने तसं केलं नाही, पण एक गोष्ट नवीन सुरू केली. कुणी बोलवायला आलं की तो बसायला सांगायचा आणि पहिल्यांदा म्हणायचा, “कडलुंडीला माझ्या दोरावरून एक मशीन पाण्यात गेलं. ओंडका भुसभुशीत मातीत पुरला, चूक माझी. हे ऐकूनही बोलवायचं असेल तर पुढे बोलू.”

मी एकदा चिडून म्हटलं, “इक्का, दर वेळी कशाला सांगता? नंतर काढलंत ना तेही सांगा.”

“काढलं ते सगळ्यांना माहीत आहे,” तो म्हणाला. “गेलं कसं ते माहीत हवं.”

दोन-तीन जण ऐकून परत गेले. बाकीचे थांबले. त्याने आणखी सहा वर्षं काम केलं, दोर न धरता, फक्त आवाज देऊन. नव्या माणसांना तो आता दोन गोष्टी शिकवायचा. एक तर तीच, सोडा म्हटलं की सोडायचं. दुसरी म्हणजे कमरेएवढं खणून झालं की तळाची माती आणून त्याच्या हातात द्यायची, त्याने हो म्हटल्याशिवाय ओंडका टाकायचा नाही.

कार्त्यायनीचं काम वाढलं. दाराच्या चौकटी, पाळणे, शाळेची बाकं. तिच्याकडे दोन बायका हाताखाली आल्या. चार वर्षांनी तिने निरोप पाठवला की मशीन तीन फूट उजवीकडे हवं आहे, लांब फळ्या दारातून बाहेर काढायला अडचण होते. एवढ्याशा कामाला बीरान स्वतः जाईल असं मला वाटलं नव्हतं. तो, मी आणि आणखी एक असे तिघं पहिल्या बसने गेलो. पहारी दोन, रूळ चार. त्याने आधी जमीन पाहिली, मग छप्पर पाहिलं, मग दोन्ही बायकांना बाहेर जायला सांगितलं.

“मलापण?” कार्त्यायनीने विचारलं.

“तुला तर सगळ्यात आधी.”

ती कुरकुरत दारापाशी जाऊन उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. अर्ध्या तासात मशीन सरकलं. बीरानने पाण्याची नळी लावून चारही कोपऱ्यांची सपाटी पाहिली, लोहाराने पट्टी बसवलेल्या पायाखाली एक पातळ पाचर ठोकली आणि म्हणाला, “आता ये आणि बघ.” तिने मोटर जोडून एक फळी आत घातली. ती दुसऱ्या बाजूने दारातून थेट अंगणात निघाली, आणि तिथे वाळत घातलेल्या मिरच्यांवर पडली. बायका हसल्या. बीरानने हात धुवायला पाणी मागितलं.